हिजरी तारखा, समाअच्या नोंदी आणि शाईने खाल्लेला कागद

मध्ययुगीन इस्लामी जगातील धर्म, विद्या आणि ग्रंथव्यवहार यांविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांची ही उत्तरे. एकाच विषयावरची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : हिजरी सनात ६२२ मिळवले की इसवी सन येतो, असे धरून हिशेब केला, तर ६५६ हिजरी म्हणजे १२७८ आले. पण मंगोलांनी बगदाद घेतले ते १२५८ मध्ये, असे सगळीकडे लिहिलेले आहे. वीस वर्षे गेली कुठे?

उत्तर : ती वर्षाच्या लांबीत गेली. हिजरी वर्ष निव्वळ चांद्र आहे, त्याला अधिक महिना नाही. महिने मागेपुढे सरकवण्याची जुनी अरबी रीत, म्हणजे ‘नसी’, कुराणाने बंद केली. त्यामुळे वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे, म्हणजे सौर वर्षाहून सुमारे ११ दिवस तोकडे असते. ३३ हिजरी वर्षे सरतात तेव्हा सौर वर्षे ३२च झालेली असतात. ६५६ला ३३ने भागून पाहा, तुमची वीस वर्षे तिथेच सापडतील.

झटपट हिशेबासाठी हिजरी सनाला ०.९७०२२४ने गुणावे आणि ६२१.५८ मिळवावेत. ६५६साठी ६३६.४७ + ६२१.५८ = १२५८.०५. पूर्णांक म्हणजे ते हिजरी वर्ष ज्या इसवी सनात सुरू झाले तो सन. दशांश भाग सांगतो की १ मुहर्रमपर्यंत, म्हणजे हिजरी वर्षाच्या पहिल्या दिवसापर्यंत, त्या इसवी वर्षाचा किती हिस्सा उलटला होता. या दशांशाकडे फार थोडे लोक लक्ष देतात. ३९१ हिजरी घ्या. याच वर्षी सुलेखनकार इब्न अल-बव्वाबने बगदादमध्ये लिहिलेली कुराणाची प्रत आज डब्लिनला आहे. उत्तर येते १०००.९४. म्हणजे ते वर्ष डिसेंबरात सुरू झाले आणि जवळजवळ सगळे १००१ मध्ये पडले. महिना माहीत नसेल तर अशा ठिकाणी ‘१०००–०१’ असेच लिहावे. एकच आकडा लिहिणे चूक.

दिवसापर्यंत अचूक तारीख हवी असेल तर दिवस मोजावे लागतात. बगदाद पडले ती तारीख ४ सफर ६५६. आधीची पूर्ण वर्षे ६५५. गुणिले ३५४ म्हणजे २,३१,८७०. तीस वर्षांच्या चक्रात ११ वर्षे ३५५ दिवसांची असतात : २, ५, ७, १०, १३, १६, १८, २१, २४, २६ आणि २९वे. ६५५ वर्षांत २१ चक्रे आणि वर २५ वर्षे, म्हणून जास्तीचे दिवस २३१ + ९ = २४०. महिने आळीपाळीने ३० आणि २९ दिवसांचे, पहिला मुहर्रम ३०चा. ४ सफरच्या आधी वर्षातले ३३ दिवस झाले. बेरीज २,३२,१४३. हे दिवस १६ जुलै ६२२, शुक्रवार, या दिवसापासून पुढे मोजायचे. बेरजेला ७ने भागले की बाकी २ उरते. शुक्रवारच्या दोन दिवस पुढे रविवार, आणि तारीख १० फेब्रुवारी १२५८.

ही तारीख ज्युलियन, म्हणजे तेव्हा युरोपात चालणाऱ्या जुन्या कॅलेंडरची आहे. संगणकावरचे काही तक्ते आजचे ग्रेगोरियन कॅलेंडर मागे ताणून १७ फेब्रुवारी दाखवतात. दोन्ही दिवस एकच, पण एका लेखात दोन पद्धती मिसळल्या की घटनांचा क्रमच उलटतो.

तरीही एखाद्या दिवसाचा फरक राहू शकतो, कारण महिना चंद्रदर्शनाने सुरू होत असे, कोष्टकाने नव्हे. लेखकाने वार दिला असेल तर वार खरा मानावा आणि तारीख एका दिवसाने, क्वचित दोन दिवसांनी सरकवावी. दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून ‘शुक्रवारची रात्र’ म्हणजे आपली गुरुवारची रात्र. महिन्याच्या उत्तरार्धात पुष्कळ लेखक उरलेल्या रात्री मोजतात. ‘रमजानच्या दहा रात्री उरल्या असता’ असे असेल तर ती तारीख वीसच्या आसपासची समजावी. महिना २९चा की ३०चा यावर एक दिवस इकडेतिकडे होतो.

प्रश्न : बगदादचे ‘बैतुल हिकमा’ हे जगातले पहिले विद्यापीठ होते का? आणि ग्रीक ग्रंथांची भाषांतरे तिथे कशी होत?

उत्तर : विद्यापीठ म्हणण्याजोगा पुरावा नाही. जुन्या नोंदींत हे नाव राजवाड्यातील ग्रंथभांडार या अर्थाने येते आणि काही मोजक्या माणसांचा त्याच्याशी संबंध सांगितला जातो. तिथे वर्ग भरत, परीक्षा होत, असे कोठेही लिहिलेले नाही. सर्वांत मोठा भाषांतरकार हुनैन इब्न इसहाक (मृत्यू ८७३) याने ग्रीक वैद्य गेलेनच्या १२९ ग्रंथांची भाषांतरे कोणी, कोणासाठी, कोणत्या प्रतीवरून केली याचा तपशीलवार वृत्तांत लिहून ठेवला आहे. त्यात बैतुल हिकमाचा उल्लेख नाही. भाषांतराचे खरे बळ खासगी आश्रयात होते. बनू मूसा हे तिघे भाऊ हुनैन, त्याचा भाचा हुबैश आणि हर्रानचा साबित इब्न कुर्रा यांच्या मंडळीवर महिन्याला सुमारे ५०० दीनार खर्च करत, असे दहाव्या शतकातला ग्रंथसूचीकार इब्न अल-नदीम सांगतो. दीनार सव्वाचार ग्रॅम सोन्याचा. म्हणजे महिन्याला दोन किलोंहून अधिक सोने.

कामाची रीत मात्र वाखाणण्यासारखी आहे, आणि तीच अधिक सांगितली गेली पाहिजे. हुनैन आधी एका ग्रंथाच्या जितक्या ग्रीक प्रती मिळतील तितक्या गोळा करी, त्या एकमेकींशी ताडून एक शुद्ध पाठ तयार करी आणि मगच भाषांतराला हात घाली. भाषांतर शब्दाला शब्द नव्हे. अख्खे वाक्य वाचून त्याचा अर्थ सिरियाक (पूर्वेकडील ख्रिस्ती लोकांची ग्रंथभाषा) किंवा अरबीत मांडायचा. ख्रिस्ती वैद्यांसाठी सिरियाक, मुसलमान आश्रयदात्यांसाठी अरबी. गेलेनचा वैद्यकपंथांवरचा छोटा ग्रंथ त्याने विशीत एका सदोष प्रतीवरून केला होता. चाळिशीत हुबैशने दुरुस्ती मागितली तेव्हा हाताशी अनेक प्रती होत्या; त्या ताडून त्याने पहिले भाषांतर पुन्हा तपासले. गेलेनच्या ‘प्रमाणसिद्धी’वरच्या ग्रंथासाठी तो इराकच्या उत्तरेचा प्रदेश, सीरिया, पॅलेस्टाइन आणि अलेक्झांड्रियापर्यंतचा इजिप्त हिंडला. हाती आला तो दमास्कसमध्ये सुमारे अर्धा ग्रंथ, तोही विस्कळीत. हे सारे त्याने जसे घडले तसे लिहिले. कोणते भाषांतर कच्चे आहे हे भाषांतरकारानेच नोंदवावे, याहून मोठी प्रामाणिक शिस्त दुसरी कोणती?

प्रश्न : एका अरबी हस्तलिखिताच्या शेवटी, ग्रंथ संपल्यावर, दाटीवाटीने लिहिलेली नावांची यादी आहे. हे ग्रंथाचे मालक का?

उत्तर : मालकीची नोंद बहुधा पहिल्या पानावर, एका-दोन ओळींची असते. शेवटची लांब यादी ही जवळपास नक्कीच ‘समाअ’ची नोंद, म्हणजे श्रवणाचा दाखला. तो ग्रंथ अमुक गुरूसमोर मोठ्याने वाचला गेला आणि अमुक माणसांनी तो ऐकला, असे त्यात लिहिलेले असते.

हदीस हे पैगंबरांचे वचन किंवा आचरण सांगणारे कथन. त्याला दोन भाग : मजकूर आणि त्याआधीची सांगणाऱ्यांची साखळी, ‘इस्नाद’. मजकूर कितीही चांगला असो, साखळीतला एक दुवा संशयास्पद निघाला तर कथन दुबळे ठरते. ग्रंथ लिहून झाले तरी ही साखळी थांबली नाही. बुखारीचा संग्रह नवव्या शतकात तयार झाला, पण चारशे वर्षांनंतरच्या विद्यार्थ्यालाही तो नुसता विकत घेऊन शिकवता येत नसे. त्याने तो कोणाकडून ऐकला, त्या गुरूने कोणाकडून, असे थेट बुखारीपर्यंत पोहोचावे लागे. समाअची नोंद हा त्याचा लेखी पुरावा.

ती वाचताना आधी ‘मुस्मिअ’ शोधा. हा साखळीचा अधिकार असलेला गुरू. त्याचे नाव बहुधा आरंभी, मानाच्या विशेषणांसह येते. मग ‘कारी’ म्हणजे प्रत्यक्ष वाचणारा. पुष्कळदा तो गुरू नसून एखादा जाणता शिष्य असतो. नंतर श्रोते, आणि ‘ही नोंद अमुकच्या हातची’ असे सांगणारा लेखनिक. अखेरीस तारीख, स्थळ, किती बैठका झाल्या हे, आणि कधी कधी गुरूच्या स्वतःच्या हातची ‘हे खरे आहे’ अशी ओळ. एखाद्याची एक बैठक चुकली असेल तर तेही लिहिले जाई : अमुक, या पानापासून त्या पानापर्यंतचा भाग वगळून.

यादीत लहान मुले दिसली तर बुचकळ्यात पडू नका. साखळीत दुवे जितके कमी तितकी ती ‘उंच’ आणि मोलाची. म्हणून पाच-सहा वर्षांच्या मुलाला नव्वदीच्या गुरूसमोर बसवत. तो मुलगा पुढे म्हातारा झाला की त्याची साखळी समकालीनांहून एक-दोन दुव्यांनी आखूड ठरे. सर्वसाधारण संकेत असा की पाच वर्षे पुरी झालेल्याला ‘ऐकले’ असे लिहायचे आणि त्याहून लहान असेल तर ‘हजर होता’. क्रियापदातला हा भेद वाचताना निसटू देऊ नये. बायकांची नावेही पुष्कळ येतात, आणि केवळ श्रोत्यांत नव्हे. मक्केत अकराव्या शतकात करीमा अल-मरवझिय्या बुखारी शिकवत होती. दमास्कसची झैनब बिन्त अल-कमाल (मृत्यू १३३९) तर अनेक नोंदींत मुस्मिअ म्हणूनच आहे. लहानपणी मिळवलेल्या परवानग्या आणि दीर्घ आयुष्य यांमुळे तिची साखळी इतकी उंच होती की दूरदूरचे विद्यार्थी तिच्याकडे येत.

परवानगी म्हणजे ‘इजाझा’. हा समाअहून वेगळा प्रकार आहे. गुरूने ‘माझ्या नावाने हे पुढे सांगायला मुभा आहे’ असे लिहून दिले की झाले. ग्रंथ समोर वाचलेला असेलच असे नाही. तेराव्या शतकात दमास्कसमध्ये शिकवणाऱ्या इब्न अल-सलाहने ज्ञान मिळण्याचे मार्गच क्रमाने लावून दिले : गुरूच्या तोंडून ऐकणे सर्वांत वर, गुरूसमोर वाचणे त्याखालोखाल, मग इजाझा, आणि सर्वांत तळाशी ‘विजादा’, म्हणजे कोणाच्या तरी हातचे लिखाण नुसते सापडणे.

नोंदी खोट्याही असत, म्हणून तपास करावा. गुरूचे मृत्युवर्ष आणि शिष्याचे जन्मवर्ष चरित्रकोशांत पाहून ताडावे. शिष्य दोन वर्षांचा असताना त्याने ‘ऐकले’ असेल तर गडबड आहे. नोंदीचे अक्षर ग्रंथाच्या अक्षरासारखेच हुबेहूब असेल तर ती बहुधा आधीच्या प्रतीतून उतरवलेली आहे. ती खोटी नव्हे, पण ती तारीख या प्रतीची नाही. प्रतीचे वय ठरवताना होणारी ही सर्वांत मोठी चूक.

ग्रंथ ताडून पाहिल्याच्या खुणा आतही असतात. दोन हदिसांमध्ये लेखक लहान वर्तुळ काढी, आणि मूळ प्रतीशी तेवढा भाग ताडून झाला की त्या वर्तुळात ठिपका देई. समासात ‘बलग’, म्हणजे ‘इथवर आले’, असे लिहिलेले आढळते. ठिपके अर्ध्या ग्रंथापर्यंतच असतील तर पुढचा पाठ सावधपणे वापरावा.

प्रश्न : मदरशात पदवी मिळत असे का? गणित, ज्योतिष शिकवत का? खर्च कोण करी?

उत्तर : संस्थेची पदवी नव्हती. अधिकार गुरू देई, वास्तू नव्हे. चरित्रकोशांत ‘अमुक मदरशात शिकला’ यापेक्षा ‘अमुककडून शिकला’ हेच येते. वजीर निझाम अल-मुल्कने बगदादची निझामिया १०६७ मध्ये उघडली ती शाफिई पंथाच्या फिक्हसाठी, म्हणजे धर्मशास्त्रीय कायद्यासाठी. १२३४ मध्ये उघडलेल्या मुस्तनसिरियात चारही सुन्नी पंथांना जागा होती, प्रत्येकाचे ६२ विद्यार्थी. मुख्य अध्यापक, आणि त्याचा पाठ पुन्हा घोकून घेणारे ‘मुईद’ अशी रचना असे. गणित, तर्क, वैद्यक यांचे अध्ययन बहुतेक वेळा घरी, रुग्णालयात किंवा वेधशाळेत चाले. शिकवणारे मात्र अनेकदा तेच. फुफ्फुसांतून होणारे रक्ताभिसरण सांगणारा इब्न अल-नफीस (मृत्यू १२८८) शाफिई फिक्हचाही जाणकार होता.

खर्च वक्फमधून होई. दाता आपल्या मालकीची दुकाने, शेते, स्नानगृहे कायमची बांधून देई. ती विकता येत नसत, वारशाने वाटता येत नसत. उत्पन्न दस्तात लिहिलेल्या कामावरच लागे. दस्तात अध्यापकाचे वेतन, विद्यार्थ्यांची संख्या, भाकरीचे वजन, दिव्याचे तेल इथवर नोंदी असत. दात्याची अट शास्त्रवचनासारखी बंधनकारक मानली जाई. मात्र एक नियम दस्तात नसला तरी लागू होता : उत्पन्नातून आधी मूळ मालमत्तेची डागडुजी, मग वेतने.

वक्फ ढासळत ते बहुधा इथेच. मुतवल्ली, म्हणजे वक्फचा व्यवस्थापक, डागडुजी टाळून वेतने वाटी, पाच-दहा वर्षांत दुकान पडे आणि भाडेच बंद होई. दुसरे कारण लांबलचक भाडेपट्टे. हनफी या सुन्नी पंथाच्या कायद्याने साधारणपणे घरासाठी एक वर्ष आणि शेतासाठी तीन वर्षे अशी मर्यादा घातली होती. पट्टा लांबला की भाडे जुनेच राहते आणि भाडेकरू मालक असल्यासारखा बसतो, ही त्यामागची धास्ती. तिसरे म्हणजे नाण्याचा कस. वेतन ठरावीक नाण्यांत लिहिलेले आणि नाणे हलके झाले की अध्यापक उपाशी.

प्रश्न : कुराणात वारसांचे हिस्से अपूर्णांकांत दिले आहेत. त्यांची बेरीज एकाहून जास्त झाली तर काय करत?

उत्तर : असे खरोखर होते, आणि त्यासाठी ‘औल’ नावाची रीत आहे. प्रसिद्ध उदाहरण : पुरुष मरण पावला, मागे पत्नी, दोन मुली, आई आणि वडील. पत्नीचा १/८, मुलींचा मिळून २/३, आईवडिलांचा प्रत्येकी १/६. छेद २४ घेतला तर ३ + १६ + ४ + ४ = २७. सत्तावीस भाग चोविसांत बसत नाहीत, म्हणून छेदच २७ करायचा. सगळ्यांचे हिस्से एकाच प्रमाणात घटतात. वाटायची रक्कम २,७०० दीनार असेल तर पत्नीला ३००, प्रत्येक मुलीला ८००, आईवडिलांना ४००–४००. पत्नीचा आठवा हिस्सा नववा झाला. हे उत्तर खलीफा अलींनी मिंबरवरून, म्हणजे मशिदीतल्या प्रवचनपीठावरून, उभ्याउभ्या दिले असे सांगतात, म्हणून या उदाहरणाला ‘मिंबरिया’ म्हणतात. शिया कायदा औल मानत नाही. तिथे तूट मुलींच्या वाट्यातून जाते.

वाटणीला बसण्याआधी क्रम पाळायचा : दफनाचा खर्च, मग कर्ज, मग मृत्युपत्र (उरलेल्याच्या तिसऱ्या हिश्शापर्यंतच), आणि मग हे हिस्से. नवशिक्याची चूक म्हणजे कर्ज फेडायच्या आधीच अपूर्णांक लावणे. नवव्या शतकातला गणिती अल-ख्वारिझ्मी याच्या बीजगणिताच्या ग्रंथाचा जवळजवळ अर्धा भाग मृत्युपत्रे आणि वारसा यांनीच भरला आहे. त्याचा पहिला भाग वाचून पुस्तक मिटणाऱ्यांना ते बीजगणित कोणासाठी लिहिले होते हेच कळत नाही.

प्रश्न : त्रिकोणमितीतला ‘साइन’ हा शब्द संस्कृत ‘ज्या’वरून आला हे खरे का?

उत्तर : खरे आहे, पण वाट वाकडी आहे. ‘ज्या’चा पर्यायी शब्द ‘जीवा’ अरबीत ‘जीबा’ झाला. स्वर न लिहिण्याच्या रीतीमुळे कागदावर ज-य-ब ही अक्षरे उरली, आणि वाचणाऱ्यांनी ती ‘जैब’ अशी वाचली. जैब म्हणजे वस्त्राचा छातीवरचा खोळगा. आपला ‘जेब’ तोच. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये त्याचे ‘सायनस’ झाले. जुनी कोष्टके वाचताना एवढे ध्यानात ठेवा : ती अर्धज्येची लांबी देतात, गुणोत्तर नव्हे. ३० अंशांची ज्या आर्यभटाकडे १७१९ आहे, कारण त्रिज्या ३४३८. अरबी कोष्टकांत बहुधा ३०, कारण त्रिज्या ६०.

प्रश्न : काही जुन्या अरबी ग्रंथांची अक्षरे कागदाला भोके पाडून गळून गेलेली दिसतात, तर त्यांहून जुने ग्रंथ काळेभोर आणि धड राहतात. असे का?

उत्तर : शाई वेगळी म्हणून. अरबीत ‘मिदाद’ हा मूळचा काजळीच्या शाईचा शब्द आणि ‘हिब्र’ हा मायफळाच्या (ओकच्या झाडावर येणाऱ्या गाठींच्या) शाईचा. पुढे दोन्ही सरसकट वापरले जाऊ लागले.

काजळीच्या शाईत तेलाच्या दिव्याची काजळी आणि बाभळीच्या जातीचा डिंक असतो. डिंकाच्या पाण्यात काजळी दीर्घकाळ खलावी लागते. खल कमी पडला तर कण गोळा होतात आणि शाई बोरूच्या चिरेत अडकते. डिंक कमी झाला तर वाळल्यावर बोटाला काळे लागते, जास्त झाला तर शाई तडकून पापुद्रे निघतात. ही शाई फिकी होत नाही आणि कागद खात नाही. दोष एकच : ती वर बसते, आत मुरत नाही, म्हणून ओल्या फडक्याने पुसता येते. व्यापारी आणि काजी यांच्या दस्तांना हे चालण्यासारखे नव्हते.

मायफळाच्या शाईत मायफळे कुटून पाण्यात भिजवायची, मग पाणी बरेच आटेपर्यंत उकळायची, गाळायची, त्यात हिराकस (लोहाचा क्षार) आणि डिंक घालायचा. मायफळातले टॅनिन आणि हिराकसातले लोह यांचा संयोग होतो. लिहिताना ती फिकी असते आणि हवा लागली की काळी पडते. ती तंतूंत मुरते, म्हणून पुसता येत नाही. पण हिराकस जास्त पडला तर जोडीदार न मिळालेले लोह आणि तयार झालेले गंधकाम्ल कागदातच राहतात. आम्ल तंतू तोडते, लोह हवेतल्या ऑक्सिजनने होणारी झीज वेगाने वाढवते, आणि दमट हवेत दोन्ही जोरात चालते. आधी अक्षराभोवती तपकिरी वलय दिसते, मग तेच मागच्या पानावर उमटते, मग अक्षर गळते. पानाच्या चौकटीला वापरलेला हिरवा जंगाल, म्हणजे तांब्याचा गंज, हाच उपद्रव करतो. म्हणून काही ग्रंथांत मजकूर शाबूत आणि चौकट कापल्यासारखी सुटलेली आढळते. अशी पाने पाण्याने पुसू नयेत आणि पाण्यातल्या खळीने चिकटवूही नयेत. ओलाव्याबरोबर लोह शेजारच्या निरोगी कागदात पसरते.

कागदाचाही हातभार आहे. तिथला कागद भांग आणि जवस यांच्या वाखाच्या चिंध्यांचा. त्याला गहू किंवा तांदळाची खळ दोन्ही बाजूंनी देत, आणि वाळल्यावर अकीक किंवा काचेने घोटत. घोटलेल्या कागदावर बोरू सरकतो आणि शाई फुटत नाही. खळीला कसर लागते हा त्यातला तोटा. दौतीत रेशमाच्या धाग्यांचा गुंता ठेवत, ‘लीका’, म्हणजे बोरूला प्रमाणात शाई लागे आणि टोक तळावर आपटत नसे. ओळींसाठी शाईने रेघा मारत नसत. पुठ्ठ्यावर ताणलेल्या दोऱ्यांची ‘मिस्तरा’ नावाची चौकट कागदाखाली ठेवून अंगठ्याने दाबली की ओळी उठत. तिरप्या उजेडात पान धरा, त्या अजून दिसतात.

प्रश्न : उस्तुरलाबवरून वेळ प्रत्यक्षात कशी काढत? चित्रे पाहून काही उमगत नाही.

उत्तर : उस्तुरलाब म्हणजे सूर्य-ताऱ्यांची उंची मोजून वेळ काढण्याचे चकत्यांचे यंत्र, इंग्रजीत ‘ॲस्ट्रोलेब’. आधी भाग. जाड कडेची मूळ तबकडी म्हणजे ‘उम्म’, आई. तिच्या पोटात बसते ‘सफीहा’, एका ठरावीक अक्षांशासाठी क्षितिज आणि उंचीची वर्तुळे कोरलेली चकती. तिच्यावर फिरते ‘अनकबूत’, म्हणजे कोळी : ताऱ्यांची टोके आणि राशिचक्राचे कडे असलेली जाळीदार चकती. पाठीवर ‘इदादा’, दोन छिद्रे असलेली फिरती पट्टी. सगळे एका खिळीवर, आणि खिळीत पाचर, ‘फरस’, म्हणजे घोडा.

उपकरण कडीने मोकळे लोंबू द्यावे. सूर्याकडे छिद्रातून पाहू नये. वरच्या छिद्रातून आलेला उजेडाचा ठिपका खालच्या छिद्रावर पडेपर्यंत पट्टी फिरवावी आणि कडेवर उंची वाचावी. त्या दिवशी सूर्य कोणत्या राशीच्या कितव्या अंशावर आहे ते पंचांगातून घेऊन राशिचक्राच्या कड्यावर तो बिंदू धरावा. मग कोळी फिरवून तो बिंदू सफीहावरच्या तेवढ्याच उंचीच्या वर्तुळावर आणावा. सकाळ असेल तर पूर्वेकडच्या अर्ध्यात, दुपारनंतर पश्चिमेकडच्या. आता आकाश जसे आहे तसे यंत्रात उभे राहिले. सूर्याच्या बरोबर समोरचा राशिबिंदू क्षितिजाखालच्या ज्या तास-रेषेवर येतो, तो दिवसाचा तास.

हे तास आपले नव्हेत. उजेडाचे बारा समान भाग म्हणजे तास. बगदादला उन्हाळ्यात असा तास सुमारे ७१ मिनिटांचा आणि हिवाळ्यात ४९ मिनिटांचा भरतो. समान तास हवे असतील तर सूर्योदयाच्या वेळची आणि आत्ताची कोळ्याची स्थिती कडेवर वाचून फरकाला १५ने भागावे.

मध्यान्हाच्या सुमारास वेळ काढू नये. विषुवदिनी बगदादला मध्यान्हानंतरच्या २० मिनिटांत सूर्याची उंची अंशाच्या फक्त तिसऱ्या भागाने घटते. सकाळी नऊच्या पुढे तेवढ्याच वेळात ती साडेतीन अंशांहून जास्त वाढते. उंची वाचताना अर्ध्या अंशाची चूक सकाळी खपून जाते, मध्यान्ही वेळ पार बिघडवते. दुसरी चूक सफीहाची : मक्केची चकती बगदादला चालत नाही, दोन्हींत सुमारे १२ अंशांचे अंतर आहे. तिसरी जुन्या यंत्रांची. संपातचलनाने, म्हणजे पृथ्वीचा अक्ष हळूहळू डोलत असल्याने, तारे शंभर वर्षांत जवळपास १.४ अंश सरकतात, म्हणून तीनशे वर्षे जुन्या कोळ्यावरून रात्रीची वेळ चुकते. सूर्यावरून काढलेली मात्र चुकत नाही, कारण राशिचक्राचे कडे संपाताशीच, म्हणजे विषुवदिनाच्या सूर्यबिंदूशीच, बांधलेले आहे.

प्रश्न : अल-गझालीने तत्त्वज्ञानावर हल्ला केला आणि इस्लामी जगातले विज्ञान संपले, असे वारंवार वाचनात येते. हे कितपत खरे?

उत्तर : हे टिकत नाही. ‘तहाफुत अल-फलासिफा’ (‘तत्त्वज्ञांची विसंगती’, १०९५) मध्ये या धर्मपंडिताने तत्त्वज्ञांच्या २० मतांचा समाचार घेतला आणि त्यांपैकी तीनच धर्मबाह्य ठरवली : विश्व अनादी आहे, ईश्वराला फक्त सामान्य गोष्टींचे ज्ञान आहे, आणि मेलेली शरीरे पुन्हा उठत नाहीत. त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत तो ग्रहणाच्या गणिताविषयी लिहितो की, असे सिद्ध झालेले गणित धर्माच्या नावाने नाकारणारा धर्माचेच नुकसान करतो. टीका करणाऱ्यांनी निदान ही चार पाने वाचायला हवीत.

पुढची नोंद पाहा. १२५९ मध्ये नसीरुद्दीन तूसीने मराग्याची वेधशाळा उभारायला घेतली. समरकंदला अल-काशीने १४२४ मध्ये ‘पाय’ची किंमत दशांशाच्या १६ स्थळांपर्यंत काढली. आणि त्याआधी दमास्कसच्या उमय्या मशिदीत नमाजाच्या वेळा ठरवणारा मुवक्कित इब्न अल-शातिर (मृत्यू १३७५) याने प्राचीन ग्रीक ज्योतिषी टॉलेमीच्या ग्रहगतीच्या रचनेतील दोष दूर करणारी नवी रचना मांडली. तिची चंद्राची आकृती दीडशेहून अधिक वर्षांनी कोपर्निकसच्या ग्रंथात जवळजवळ तशीच दिसते. मशिदीच्या मिनारासाठी त्याने १३७१ मध्ये संगमरवरी छायायंत्र कोरले. त्याचे मूळ तुकडे दमास्कसच्या संग्रहालयात आहेत.